अखंड ढेप

"एका रात्रीत माणसाचं वजन किती उतरतं, बाबा?"

दस्तगीर फकीर चिंचेखाली बसून काथ्याचा दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कुणाचं?"

"माझं."

"उतरवून ठेवणार कुठं?"

"चेष्टा करू नका. मी लई तापलेली हाय."

"मग सावलीत बस."

केराबाई बसली नाही. बसलेल्या बाईला लोक गप्पांत घोळवतात, उभ्या बाईला उत्तर द्यावं लागतं, हे तिचं जन्माचं शहाणपण. गावातनं तकियावर, फकिराच्या मुक्कामावर, यायला ओढ्याची जवळची वाट होती. ती सोडून ती लांबच्या वाटेनं, भर उन्हाची चालत आली होती. चालून चालून काहीतरी झडेल म्हणून. झडलं काहीच नव्हतं. चपलेचा अंगठा तेवढा तुटला होता.

"सकाळधरनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई," ती म्हणाली. "पहाटं एरंडेल प्याले. घेरी आली, पर पोट हाय तसंच. दगड भरल्यागत."

"मग माझ्याकडं काय हाय? अंगारा?"

"तुमच्याकडं तराजू हाय."

आता फकिरानं वर बघितलं.

चिंचेच्या आडव्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. लाकडाची दांडी, दोन बाजूंना फळ्यांची दोन पारडी. दुसऱ्या दिवशी पीराचा उरूस. तुलेचा नवस बोललेली माणसं एका पारड्यात बसायची, दुसऱ्यात गूळ चढायचा. मग तो गूळ प्रसादाच्या मलिद्यात जायचा आणि सगळं गाव ओंजळ धरायचं.

एका पारड्यात पोत्यानं झाकलेली ढेप आधीच येऊन बसली होती. केराबाईची.

त्या ढेपेची गोष्ट अशी. केराबाईचा एकुलता एक लेक संपत. गेल्या हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉलीवरनं पडला. डोक्यावर पडला. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आला तर तुमचं नशीब. केराबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि मनातल्या मनात पीराला म्हणाली, पोरगं उठव, माझ्या भाराचा गूळ देईन. आणि चुरा गोळा करून नाही. एकच ढेप देईन. अखंड.

अखंड म्हणायला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. बाकीच्या बाया चार ढेपा आणतात, कमी पडलं की वरनं खडे टाकतात, दांडी सरळ झाली की हात जोडतात. केराबाईला चारचौघींसारखं काही जमायचंच नाही. पीरापुढं हात पसरतानासुद्धा तिनं नाक वरच ठेवलं.

पोरगं उठलं.

मग ती गिरणीत गेली. चपला काढल्या, बांगड्यासुद्धा काढल्या, आणि दळणाच्या काट्यावर उभी राहिली. गुऱ्हाळावर जाऊन गुळव्याला वजन सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, एवढी ढेप कुणी ओततं का?" पण ओतली. पत्र्याचा वेगळा साचा करून, बाईच्या भाराची एकच ढेप त्यानं काढून दिली.

त्या दिवसापासून केराबाई तोलून जेवत होती. ढेप काही वाढणार नव्हती, मग आपणही वाढायचं नाही. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी. सून म्हणाली, "अत्ती, घ्या की अजून." तर सुनेवरच डाफरली.

आणि काल एका दिवसात तिनं सगळं घालवलं.

"उद्या मी बसणार," ती फकिराला म्हणाली, "आन माझं पारडं जाणार खाली. ढेप लोंबकळणार वर. वरनं खडा टाकायची सोय न्हाई, अखंड बोललेय. गूळ उणा पडला म्हंजी नवस उणा पडला. आन नवस उणा पडला म्हंजी..."

तिला पोराचं नाव घेववलं नाही.

"म्हंजी?" फकीर.

"तुमाला ठावं हाय म्हंजी काय ते."

"मला न्हाई ठावं. मी नवस बोलत न्हाई. मला एवढ्या अटी घालाया जमत न्हाईत."

केराबाईचे ओठ आवळले गेले. दुसरा कुणी असता तर तिनं तिथंच त्याची पितरं उद्धरली असती.

"काल काय खाल्लंस?" त्यानं विचारलं.

"इचारू नका."

"मग उतरवायचं काय? मला कळाया नगं?"

केराबाईनं तोंड ओढ्याकडं फिरवलं आणि चोरी कबूल करावी तसं एकेक सांगायला लागली.

"सकाळी धपाटी. दह्यासंगं."

"किती?"

"मोजली न्हाईत. ती वाढत गेली."

"ती कोण?"

प्रश्न ऐकलाच नाही अशी ती पुढं गेली. "दुपारी पोळ्या. पुरणाच्या. कटाची आमटी, भजी, कुरडया. गुळवणी तर वाटीनं प्याले, म्हशीनं घमेलं चाटावं तशी. दिस कलला तवा शेवयांची खीर. निघताना तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या, म्हणं संपतला ने. त्या मी वडापच्या जीपमधीच खाल्ल्या. शेजारची बाई बघत व्हती. तिला एक बी दिली न्हाई."

फकिराच्या दाढीत हसू हललं.

"सण व्हता?"

"न्हाई."

"लगीन?"

"न्हाई."

"मग एवढं रांधलं कुणी?"

"माहेरी गेल्ते," केराबाई म्हणाली.

दोर वळणारे हात थांबले.

केराबाई माहेरी जेवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. संपत रांगत होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या जावळाचं जेवण मामाच्या घरी. पंगत भरलेली. केराबाई अंगावर पाजणारी, भूक कशी वणव्यासारखी. तिनं आणखी एक पोळी मागितली आणि द्वारका वहिनी, थोरल्या भावाची बायको, वाढता वाढता हसून म्हणाली, "वन्सं, पोट हाय का पोतं?"

पंगत हसली. भाऊही हसला. म्हातारी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

केराबाई भरल्या ताटावरनं उठली.

त्यानंतर ती लग्नाकार्याला माहेरी गेली. आई गेली तेव्हा गेली. पण त्या घरचं पाणीही प्यायली नाही, घरनं बाटली भरून न्यायची. दर वेळी द्वारका वहिनी ताट वाढून समोर ठेवायची. दर वेळी ते ताट तसंच उचलून आत न्यायची. दोघींच्या तोंडून शब्द नाही. संपतला मिशा फुटल्या, सून घरात आली, पण ही बाई हटली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून स्वतःच्या घरीसुद्धा ती कधी पोटभर जेवली नाही. दुसरी भाकरी घ्यायला हात गेला की कानात पंगत हसायची.

ह्याला कुणी मान म्हणतं, कुणी स्वाभिमान म्हणतं. बाईमाणसाच्या हट्टाला दुसरं काही मिळालं नाही की अशी नावं देतात.

"मग काल का जेवलीस?" फकीर म्हणाला.

"निरोप धाडला व्हता तिनं. दादा घिऊन आला. म्हणं, वन्संना सांगा, एक डाव जेवून जावा. पुन्यांदा हवं तर बाटली आणा."

"आन तू गेलीस."

"भांडाया गेल्ते!" केराबाई कडाडली. "म्हणलं, एवढी वर्सं गिळून बसलेय, आता तिच्या तोंडावर सांगून येते. वाटंनं सगळं जुळवीत गेल्ते, काय काय बोलायचं ते."

"काय बोललीस?"

केराबाई पदराचा काठ चाचपायला लागली.

"बोल की."

"काय बोलणार? ती चुलीम्होरं बसली व्हती. मला बघून उठाया गेली तर उठवंना. मुठीएवढी झालीया, बाबा. रांजणाएवढी बाई व्हती ती, दोन पोती एकटी उचलायची. आन आता गळ्याभवती पदर गुंडाळलेला, एवढ्या उन्हाचा. तव्यावर धपाटं. म्हणली, बसा वन्सं, गरम हाय."

"मग?"

"बसले."

वारा नव्हता. चिंचेचं पानही हलत नव्हतं. केराबाई बोलता बोलता कधी खाली बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

"ती वाढत गेली, मी खात गेले. न्हाई म्हणाया तोंड उघडलं की ती बघायची. कसं बघायची म्हणून सांगू... मग मी आ करायची आन घास घालायची. न्हाई म्हणलं असतं तर तिला वाटलं असतं, आजून तेच धरून बसलीया. एकदा म्हणलं, तू बी घे की माझ्यासंगं. तर म्हणली, मी मागनं. तुमी खावा, मी बघते."

"मग मागनं तिनं काय खाल्लं?"

केराबाई मातीत बोटानं रेघ ओढत राहिली.

"बाई, तिनं काय खाल्लं?"

"काय न्हाई."

"दिसभर?"

"काय न्हाई, बाबा. काय न्हाई."

तिनं ओढलेली रेघ तळव्यानं पुसली.

"दादा वडापपातूर सोडाया आला. तवा बोलला. दिवाळीपास्नं तिच्या घशाखाली घास उतरत न्हाई. गाठ हाय. चमच्याचमच्यानं पाणी जातं, तेबी कसंबसं. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. पहाटंपास्नं चुलीला बसली व्हती. तळणाच्या वासानं उमासं येत्यात तिला, तरी सुनंला हात लावू दिला न्हाई. म्हणली, माझ्या न्हाई तर न्हाई, वन्संच्या तरी घशाखाली उतरू दे."

फकिरानं दोर बाजूला ठेवला. म्हणाला,

"मग माघारी फिरलीस?"

"वडापवाला हार्न मारत व्हता."

"फिरलीस का, ते इचारलं मी."

"न्हाई."

तिनं पदर तोंडाला लावला, आणि लगेच काढला. रडायचं तर रडावं, पण लपवून काय करायचं, अशी ती बाई.

"पाय उचललाच न्हाई. फिरून जाऊन काय बोलू? जिच्याशी इतकी वर्सं बोलले न्हाई तिला आता काय म्हणू? बसले वडापात. मांडीवर पुऱ्या व्हत्या. खात गेले. दुसरं काय करावं सुचंना."

"आन मग?"

"मग गावात उतरले आन ढेप आठवली. वजन आठवलं. रातभर तेच डोसक्यात, किती वाढलं आसंल, किती वाढलं आसंल."

"बरं झालं. काहीतरी आठवलं."

शब्द साधाच होता, पण केराबाईच्या वर्मी बसला. ती उसळली.

"तुमाला बोलाया काय जातंय? तुमच्या लेकराचं डोस्कं फुटलं न्हवतं! वजन वाढलंय ते खोटं हाय का? रातच्याला परसात जाऊन घशात बोटं घातली मी, ठावं हाय?"

"पडलं?"

तिनं तुटक्या चपलेचा अंगठा ओढून बघितला.

"पडलं का, केरा?"

"बोटं तिथवर गेली. वकारी आली." तिचा आवाज खाली गेला. "आन मग मी तोंड दाबून धरलं."

"का?"

"टाकवंना."

पलीकडं पीराच्या मजारीवर कुणीतरी सकाळी वाहिलेली फुलं उन्हानं वाळून गोळा झाली होती. फकीर तिकडं बघत बसला. केराबाईनं नाक शिंकरलं, पदराला पुसलं, आणि पुन्हा उभी राहिली. दुखणं असं उघडं पडलं की माणूस कामाला लागतो. तशी ती लागली.

"ते जाऊ द्या. मला पारड्यात बसवा. किती उणं पडतंय ते आजच बघू द्या. उद्या सगळ्या गावादेखत कळण्यापरीस आज कळलेलं बरं."

"आज कळून काय करशील?"

"रातभर चालंन. आडाला फेऱ्या मारंन. काय बी करंन."

"बस मग."

फकिरानं उठून ढेपेवरचं पोतं ओढलं. ढेप मोठी देखणी होती. पिवळी तांबूस, कडा सरळ, कुठं चीर नाही. वास असा सुटला की केराबाईच्या भरल्या पोटातसुद्धा काहीतरी हललं. मोकळ्या पारड्यात ती जपून बसली, काचेवर बसावं तशी. तिनं श्वासही आत ओढून धरला. श्वास धरल्यानं वजन कमी होतं असं कुणाला वाटत नाही, तरी काट्यावर चढलेलं प्रत्येक माणूस तो धरतंच.

दोर करकरले. दांडी कलली.

केराबाईचं पारडं खाली आलं. ढेप टीचभर वर गेली आणि तिथंच झुलत राहिली.

"बघितलंत?" केराबाई म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. "बघितलंत न्हवं? पोतंच हाय मी. खोटं न्हवती बोलली ती."

फकीर झुलत्या ढेपेकडं बघत होता. मग त्यानं चिंचेच्या खोडात रोवलेला कोयता उपटला. दोर तोडायचा कोयता. दोन पावलं टाकली आणि कुणाला काही कळायच्या आत ढेपेच्या कोपऱ्यावर घाव घातला.

खाडकन आवाज झाला. मुठीएवढा तुकडा उडून धुळीत पडला.

"बाबा!"

दांडी हिसक्यानं आणखी कलली. केराबाईचं पारडं जमिनीवर आदळलं आणि ती पाय पसरून फतकल मारल्यासारखी मातीत बसली. लुगडं सावरायचंही भान नाही.

"काय केलंत? काय केलंत हे? अखंड व्हती! आधीच उणी, त्यात मोडलीत! माझ्या पोराच्या जिवावर उठलाय का तुमी?"

फकिरानं तुकडा उचलला. फुंकर घातली. आपल्या सदऱ्याच्या कोपऱ्यानं चारी बाजूंनी पुसला. मग तिच्यापुढं उकिडवा बसला, तिच्या पदराचं टोक घेतलं आणि तुकडा त्यात ठेवून गाठ मारायला लागला. म्हाताऱ्या बोटांना गाठ लवकर बसेना.

"गूळ पाण्यात इरघळतो का?"

"मला त्याचं काय इचारता!"

"इरघळतो का?"

"...इरघळतो."

"ते पाणी चमच्यानं देता येतं?"

केराबाईच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच राहिली. डोळे नुसते त्याच्या बोटांवर.

गाठ बसली.

"ती घील का?" तिनं विचारलं. आवाज लेकरासारखा झाला होता. "मी दिलेलं ती घील का, बाबा?"

"तिची ताटं तू किती वर्सं माघारी धाडलीस?"

केराबाईनं गाठ मुठीत धरली.

"तिनं एक चमचा माघारी धाडला, तर तेवढं सोस."

"आन न्हाईच उतरलं घशाखाली, तर?"

"तर ओठाला लाव."

केराबाई मातीतनं उठली. गुडघे झटकले. पदराची गाठ अजून मुठीतच होती. पारडं मोकळं झालं तशी समोरची तुटक्या कोपऱ्याची ढेप खाली येऊन टेकली होती. मोडलेली जागा आतून ओलसर दिसत होती. माश्या बसायला लागल्या होत्या.

"संपत?" ती म्हणाली. "संपतचं काय?"

"संपत उठला कवा? तू ढेप आणून ठेवल्यावर?"

"न्हाई... आधीच उठला."

"मग."

"पर बोललेय मी. आख्ख्या गावाला ठावं हाय मी बोललेय."

"गावाला लई ठावं असतं."

ओढ्यापलीकडं सडकेवर कलत्या उन्हात धूळ उडत होती. माहेरच्या वाटेला जायचं तर आत्ताच निघायला हवं होतं, अंधार पडायच्या आत. आज गेली की उद्या सकाळी उरसाला पोहोचणं नाही. तिनं एक पाऊल सडकेकडं टाकलं. थांबली. मागं वळली. तराजूकडं बघितलं, मजारीकडं बघितलं, मग फकिराकडं.

तो पुन्हा चिंचेखाली जाऊन दोर वळायला बसला होता.

"उद्या गाव जमंल, बाबा. ढोल वाजंल. माझं नाव पुकारतील आन पारडं रिकामं असंल. गाव बोलंल ते बोलंल, मी ऐकून घीन. पर पीराला काय सांगू? एवढं बोलले, आन ऐन वक्ताला मीच न्हाई?"

फकिरानं दोराला पीळ दिला. ओढून बघितला.

"पीर थांबंल, केरा. त्याचं मरण कवाच उरकलंय."